तांदळातलं नाव

लकव्यानं ह्यांचा उजवा हात गेला, पाय ओढत चालणं आलं, ते मी कसंबसं पचवलं. वाचा गेली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. आरमोरीत ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. इथून आरोळी दिली की बाजाराच्या त्या टोकाला चहावाला दोन कप घेऊन निघायचा. तो माणूस आता खाटेवर पडून नुसता घशातून आवाज काढत होता. मी मागच्या बाडीत भाजी तोडत असले आणि इकडे ह्यांना काही झालं, तर मला कळणार कसं? मला भाषणं नको होती. त्यांनी मला हाक मारावी, एवढंच हवं होतं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात वाचा-उपचार करणारी एक मॅडम बसते. वयानं आमच्या पोरीएवढी, बोलणं पुण्याकडचं.

"शब्द त्यांच्या डोक्यात आहेत," ती म्हणाली. "ओठांना आणि जिभेला ते उच्चारायचे कसे, हे आठवत नाही. आपण हातानं दाखवायचं."

ती त्यांच्या सुन्न गालावरून बर्फाचा खडा फिरवायची, ओठांच्या कडेला लिंबू लावायची, मग दोन बोटांनी ओठ मिटून हुंकार भरायला सांगायची. माझा हुंकार बोटांना कळावा म्हणून त्यांचा डावा हात माझ्या गळ्यावर ठेवायची. चारचौघांत ह्यांनी मला कधी शिवलंसुद्धा नव्हतं. त्यांना घाम फुटायचा आणि मी छताच्या पंख्याकडे पाहत बसायची.

"पहिला शब्द रोजच्या वापरातला घेऊ," ती म्हणाली. "घरी हे तुम्हाला काय म्हणतात?"

"अवो," मी म्हटलं.

ती हसली. "त्यातला 'व' जड जाईल त्यांना. ओठ मिटून निघणारं अक्षर सोपं. तुमचं नाव 'म'नंच सुरू होतं की. तेच घेऊ."

आता काय सांगावं तिला! ते नाव ह्यांनीच ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं, मी मान खाली घालून वाचलं आणि विषय संपला. त्यांच्या तोंडून मी ते कधीच ऐकलं नाही. माहेरी माझं जुनं नाव चालायचं, अंगणवाडीत मी बाई, घरात अवो. हे नवं नाव बँकेतला माणूस घेतो, नाहीतर फाटकाशी उभा राहून पोस्टमन.

घरी आम्ही आरसा घेऊन बसायचो. मी त्यांचे ओठ मिटायची, ते फुर्रकन सोडून द्यायचे. कधी आरसाच ढकलायचे. "अंगणवाडीतले लेकरं शिकून राह्यले, तुमाले काऊन नाई जमत?" मी म्हणायची, आणि मग चुलीपाशी जाऊन रडायची.

एका दुपारी मी भाताचं पाणी काढत होते. पुढून माझं नाव ऐकू आलं. जाडंभरडं, पण पूर्ण. पुन्हा एकदा आलं. मला वाटलं, पोस्टमन. पदर सावरत मी ह्यांच्या खाटेसमोरून तरातरा फाटकाशी गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं. परत येताना मी ह्यांनाच विचारलं, "कोन आलं होतं वो? मले आवाज देत होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते मावळलं.

"तुमीच बोल्ले?" मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना काहीसुद्धा हवं नव्हतं. पाण्याचा तांब्या उशाशी भरलेला होता. त्यांनी मला नुसती हाक मारली होती.

तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलेलं नाही. मॅडम म्हणते, असं होतं, मेंदू थकतो. मी तिला काय घडलं ते सांगितलं, तेव्हा तिनं हातातला बर्फ वाटीत ठेवून दिला.

रोज संध्याकाळी मी खाटेशी बसते. "एकडाव आवाज द्या," म्हणते. "आता मी ओ देतो." ते माझ्याकडे पाहतात. ओठ घट्ट मिटलेले असतात. 'म'साठीही ओठ असेच मिटावे लागतात, म्हणून मी उठत नाही.