आधी गाल पाहू दे

"दात कुठे पळून जातोय? आधी गाल पाहू दे." इकडे हिंदी मुलखात, सदर बाजारातल्या आमच्या दातांच्या मराठी डॉक्टरीणबाई असं म्हणत आणि विरजणाचं दूध कोमट आहे का पाहावं तसा पालथा हात पोरांच्या गालाला लावत.

घाईच्या माणसांचा त्यांच्यापुढे निभाव लागत नसे. "डॉक्टर साहब, उखाड़ ही दीजिए," म्हणणाऱ्याला त्या सुनावत, "भैया, उखाड़ना तो माली को भी आता है." असं तोंडावर बोलणारं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्यावर राग धरता येत नाही.

माझी लेक तेव्हा बारा वर्षांची. तिचा उजवा जबडा वारंवार सुजे, तोंड दोन बोटंही उघडत नसे. दुसऱ्या एका दवाखान्यात दोन दाढा काढून झाल्या होत्या, तिसरी काढायचं ठरलं होतं. मी घाबरून बाईंकडे धावले. दवाखाना गच्च भरलेला, आणि बाईंनी खणखणीत मराठीत विचारलं, "सूनबाई, हिला कावळा शिवायला लागला का? सूज त्याच सुमाराला येते का?"

मी लाजेने अर्धी झाले. पण भोवती सगळे हिंदी-बुंदेली बोलणारे, एकालाही कळलं नाही. घरी आजीच्या तोंडी हे शब्द ऐकलेले असल्यामुळे लेकीला मात्र कळलं. ती ओढणीत तोंड लपवून हसली, कित्येक महिन्यांनी.

मग बाईंनी मला कॅलेंडरवर पाळीच्या आणि सुजेच्या खुणा करायला लावल्या. त्या बहुतेक शेजारी-शेजारी पडत. "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हं," त्या म्हणाल्या, "पण दाढ बिचारी निर्दोष आहे." त्यांनीच आम्हाला दिल्लीला पाठवलं. तिथे हाडाचा तुकडा तपासला. जंतू नव्हतेच, हाडच आतून धुमसत होतं. या वयातल्या हार्मोन्सचाही त्यात हात असू शकतो, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. दाढ वाचली.

पुढे बाई हृदयाच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला ऑफिसात फोन आला. बाई गेल्याचं घरी मी सांगितलंच नाही, कारण जबडा सुजला की लेक एकाच आधारावर तग धरायची: मावशीजी, म्हणजे तिच्या डॉक्टरीणबाई, नागपूरहून परत येतील, त्या दाढ काढू देणार नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, पण ती चोरून काढावी लागते.

परवा, गोळ्या सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, लेकीने कडक पेरू सरळ दातांनी फोडला.

"आई, मावशीजींना फोन लगाव ना," ती म्हणाली. "त्यांना आवाज सुनवते."

फोन माझ्या हातात देऊन ती पेरू तोंडाशी धरून थांबली.