दोन दांड्यांचं विमान आणि आईच्या महालक्ष्म्या

सेलूच्या स्टेशनवर मनमाडकडे जाणारी गाडी लागली, तेव्हा आई रडली नाही. ती माझ्या बॅगेचा पट्टा आवळत राहिली. अक्का, माझी थोरली बहीण, परभणीहून मुद्दाम आली होती आणि आईच्या वाटचंही रडून घेत होती. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नवरा आधीच इंग्लंडला परतला होता, आणि मला मुंबईपर्यंत सोडायला मामा बरोबर होते. गाडी हलली तशी आई खिडकीशी चालत आली आणि म्हणाली, "सुमे, तिकडं रिकामी बसू नको. रिकाम्या माणसाला माहेर लय आठवतं." मला त्या क्षणी तिचा राग आला. लेक सातासमुद्रापार चालली आहे आणि ही बाई मला कामाला लावते आहे!

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना पहिला हिवाळा वेगळा सांगायला नको. दुपारी चारला अंधार, आणि घरात बोलायला रेडिएटर. माझी पदवी तिथल्या नोकरी लावणाऱ्या बाईने उलटीपालटी करून पाहिली. मराठवाडा कुठे येतो हे तिला ठाऊक नव्हतं. ज्या विद्यापीठाच्या नावावरून माझ्या कॉलेजच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून दलितांची घरं जळाली आणि आमच्या आळीने नुसती दारं लावून घेतली, ते नाव इथे कुणाला वाचताही येत नव्हतं. शेवटी मी घराजवळच्या एका धर्मादाय दुकानात जाऊ लागले. लोक जुन्या वस्तू आणून द्यायचे, आम्ही त्या विकायचो. पगार नव्हता, पण दुकानात हीटर होता आणि चार माणसं बोलायची.

तिथे विमानांची खोकी यायची. प्लास्टिकचे सुटे भाग चौकटीतून तोडायचे, चिकटवायचे आणि विमान करायचं, असा हा पुरुषांचा छंद. पण येणारं खोकं सहसा अर्धवट असायचं. कुणाचा पंख हरवलेला, कुणाचं नाक. ती खोकी विकता येत नसत. दुकानातली मुख्य बाई म्हणाली, टाकून दे. मी घरी घेऊन आले. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. त्या छोट्या खिडक्या आणि चाकं मला आवडली, एवढंच.

सूचनांप्रमाणे करायला गेले तर चौथ्या पायरीला भाग संपायचे. मग मी सूचना बाजूला ठेवल्या. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या विमानांची सडपातळ धडं होती, दोन्हींची नाकं गायब. एक लांब पंख होता, आणि हेलिकॉप्टरची एक गुबगुबीत केबिन होती. केबिन मधे बसवली, पंख आडवा टाकला, आणि दोन्ही धडं पंखातून मागे सोडून शेवटी एकाच आडव्या शेपटाने जोडली. असं विमान जगात खरोखर असतं, त्याला ट्विन-बूम म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी आपलं त्याला दोन दांड्यांचं विमान म्हणायची. नवरा संध्याकाळी दारातूनच विचारायचा, "आज कुठलं कोसळलं?"

कोसळायचंच ते. दोन्ही दांडे वेगळ्या घरचे, एक जाड, एक बारीक. एक वर पाहायचा, दुसरा खाली. शेपूट काही केल्या सरळ बसेना. गोंद वाळायच्या आत मोजावं कसं, पट्टी लावली की हलायचं. वैतागून बसले होते, आणि हात आपोआप शिवणाच्या डब्याकडे गेला. दोरा काढून एका दांड्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणला. जिथे दोरा कललेला दिसला तिथे खाली कागदाची घडी सरकवली. दोरा सरळ झाला आणि शेपूट मुकाट्याने बसलं.

ही रीत आईची. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींची धडं धान्याच्या कोठ्यांची असत, वर पितळी मुखवटे. आमच्या दोन कोठ्या एका मापाच्या नव्हत्या. एक आजोबांच्या वेळची, दुसरी आईने नंतर बाजारातून घेतलेली, चार बोटं बुटकी. बुटकीच्या खाली पाट, पाटाखाली वडिलांचा शाळेतला जुना नकाशासंग्रह. मग आई दोघींच्या खांद्यांवरून वातीचं सूत ताणायची आणि एक डोळा मिटून बघायची. "आत काय हाय ते कोन बघायलंय? खांदे बराबर आले की झालं," म्हणायची, आणि भरजरी साड्या नेसवून सगळं झाकून टाकायची.

त्यानंतर मी कितीतरी विमानं केली, आणि बहुतेक दोन दांड्यांचीच. त्या दोन दांड्यांच्या मधून मागचं दार उघडतं, बैलगाडीसारखा माल मागूनच भरता येतो. म्हणून पहिल्याचं नाव ठेवलं सेलू. त्यात जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या. 'पोखर्णी' नृसिंहाच्या यात्रेकरूंसाठी. 'पाथरी' जरा कुरकुरणारं, कारण माझं सासर पाथरीचं. गावातल्या हॉलमध्ये छंदिष्टांचं प्रदर्शन भरलं तेव्हा मीही टेबल मांडलं. एक गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत होते, मग त्यांनी विचारलं, कुठल्या देशाचं वायुदल? मी म्हटलं, परभणी जिल्ह्याचं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

हे सगळं गमतीचं. गमतीत न बसणारे दिवस वर्षातून तीनच. महालक्ष्म्यांचे. माझ्या सासरच्या महालक्ष्म्या पाथरीला थोरल्या जाऊबाईंकडे बसत, माहेरच्या सेलूत आईकडे. माझ्या घरी कुणीच येत नसे. मी भाज्या करायची, पुरण करायची, आणि ताट कुणापुढे ठेवावं हे न कळून टीव्हीसमोर बसून आम्ही दोघं जेवायचो. मला त्या दिवशी फार एकटं वाटायचं, आणि ते मी कधी घरी कळवलं नाही.

त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी सेलूला गेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आईचे गुडघे थकले होते. घर विकून ती अक्काकडे परभणीला राहायला जाणार होती. भांडीकुंडी वाटून झाली. मुखवट्यांचं काय, असं मी विचारलं, तर आई शांतपणे म्हणाली, "गंगाखेडला गंगेत सोडायचे. मुलगा न्हाई, सून न्हाई. माझ्यामागं कोन बसवंल?"

"मला दे."

"लेकीच्या घरी माहेरच्या महालक्ष्म्या जात नसतात बाई. तुझ्या सासरच्यांना काय वाटंल?"

मी वाद घातला, मग ओरडले, मग रडले. अक्काने समजूत काढली. आई ऐकेना. तिचं म्हणणं रीतीला धरून होतं, म्हणून तर माझा जळफळाट होत होता.

आईला दाखवायला मी एक विमान नेलं होतं. कपड्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेतून. भांडण झालं त्या दिवशी ते काढायचंही मन नव्हतं, पण अक्काने काढून आईच्या पुढ्यात ठेवलं. आईने चष्मा लावला. त्यावर मी सगळीकडून पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून, एकच करडा रंग दिला होता. प्रदर्शनात कुणाला जोड दिसला नव्हता. आईने दोन्ही दांड्यांवरून दोन बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"हे दोन येगळ्या इमानाचे हायेत की गं."

"हो."

"आन् तरी उडंल?"

"उडेल," मी म्हटलं. प्लास्टिकचं ते, कुठे उडणार होतं. पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते तेव्हा तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. कनिष्ठेचा मुखवटा. ज्येष्ठा अक्काच्या हातात होती आणि अक्का घाबरून उभी होती.

"आई, जोडी फोडायलीस?" अक्का म्हणाली.

"फोडायले कुठं? दोन जोड्या करायले. हिला जोडायला येतंय. तू बाजारातून आन."

अक्काच्या सासरी खड्यांच्या महालक्ष्म्या, मुखवटे नाहीत. तिच्या सासूबाईंनी थोडं नाक मुरडलं आणि मग जागा करून दिली. अक्काने परभणीच्या बाजारातून नवी कनिष्ठा आणली. मी इथे ज्येष्ठा केली, प्लास्टर आणि पुट्टीची, वर विमानांचा पितळी रंग. नमुना म्हणून धाकटीकडे बघत होते, पण करता करता हनुवटी अक्काची झाली. पुसून दोनदा नीट केली, पुन्हा अक्काचीच आली. मग राहू दिली. तिकडे अक्काचीही तीच तक्रार: नवी कनिष्ठा माझ्यासारखी नाक वर करून बसते.

सेलूच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, आणि मला त्याचं वाटलं होतं तेवढं दुःख होत नाही. पूर्वी घर म्हटलं की मी तिकडे आणि मी इकडे, असे माझेच दोन तुकडे दिसायचे, आणि कुठला खरा याचा हिशेब लागायचा नाही. आता मी हिशेब सोडला आहे.

त्याच वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या उंबऱ्यातून आत घेतल्या आणि परभणीला फोन लावला. आईने रिसीव्हर ओढूनच घेतला असावा. उंबऱ्यावर विचारायचा असतो तो प्रश्न तिने मला फोनवर, सात हजार किलोमीटरवरून, अगदी रीतीप्रमाणे विचारला:

"महालक्ष्म्या कशाच्या पावलांनी आल्या?"

सोन्याच्या, असं म्हणायचं असतं.

"विमानाच्या," मी म्हणाले.

आई हसली. सेलूच्या स्टेशनवर जे रडायचं राहिलं होतं, ते त्या हसण्यात कधी सुरू झालं, मला कळलं नाही. अक्का मागून ओरडत होती, "आई, तिचं बिल लय व्हायलंय!" आणि आई फोन सोडत नव्हती.