रझियाबीनं वाचलेली नावं

"बसऱ्याच्या चर्चवर तोफगोळा पडला," पाळकांनी उपासना थांबवून सांगितलं आणि आई बाकावरून ताडकन उठली. माझी बहीण शांता इराकात नर्स होती आणि त्याच चर्चला जायची.

काल नातीनं खजुराचा डबा उघडला. त्या वासानं मला पुन्हा आमच्या गावच्या छावणी भागातल्या चर्चमध्ये नेऊन बसवलं.

पाळक म्हणाले, "तिथल्या मूठभर ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करू."

"अशी मोघम नको," आई म्हणाली. "नावं घेऊन करा."

शांतानं खजुरासोबत पाठवलेला तिथल्या बायकांसोबतचा तिचा फोटो आईच्या बायबलात होता. मागं सहा नावं होती, पण अरबीत. मी पळत जाऊन शेजारच्या रझियाबीला आणलं. ती उर्दू शाळेत शिकलेली, ती अक्षरं तिला वाचता यायची. चष्मा पुसून ती वेदीसमोर उभी राहिली.

"मरियम. हन्ना. सारा."

"अगं, ही तर आपलीच नावं," मागून कुणीतरी बोललं.

"हमारे में भी येईच नाम रहते," रझियाबी म्हणाली.

प्रत्येक नावाला आम्ही इतक्या जोरात आमेन म्हणत होतो की रस्त्यावरची माणसं दारात जमली. शांताच्या नावाला रझियाबीच आधी आमेन म्हणाली.

नाव घेतलं की माणूस वाचतो, असं मला तेव्हा लई खरं वाटलं होतं. महिन्यानं पत्र आलं. सहाजणींतल्या दोघी वाचल्या, शांता आणि हन्ना.