वय वर्षे तीन आणि पुढे

माझ्या भावोजींनी उभ्या आयुष्यात चार हजारांवर माणसांना गाडी चालवायला शिकवली आणि एकाच बाईपुढे हात टेकले. ती बाई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली बहीण. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, पोस्टातले दोघे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या मागच्याच गल्लीत आहे. मेहुणी असल्यामुळे त्यांच्याविषयी काहीही बोलायचा मला हक्क आहे आणि तो मी पुरेपूर वापरते.

शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर भावोजींचा पाय छत्तीस वर्षं होता. पुढे पुढे तो पाय त्यांचंही ऐकेनासा झाला. घरी कुणी घाईनं जिना उतरायला लागलं तरी खुर्चीत बसलेल्या मास्तरांचा पाय फरशी दाबायचा.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी ताईला शिकवायला घेतलं. फाटकापासून चौकापर्यंत अकरा वेळा ब्रेक दाबला. ताईनं मोजले. बाराव्यांदा दाबायच्या आत ती चौकात खाली उतरली, दार नीट लावलं आणि चालत घरी आली. त्यानंतर ती कायम मागच्या सीटवर बसली. लोकांना ते सांगायचे, तिला गाडीची भीती वाटते. ताईनं ते चारचौघांत कधी खोडून काढलं नाही. मला मात्र तिनं सांगितलं होतं, "भीती कसली आलीय? मला त्या पायाची चीड आहे."

गेल्या वर्षी भावोजींना काचबिंदू निघाला. समोरचं चांगलं दिसतं, बाजूचं दिसत नाही. सायकलवाला थेट नाकासमोर येईपर्यंत त्यांच्या लेखी तो जन्मलेलाच नसतो. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, शिकवणं बंद केलं, दारावरची पाटी उतरली. डोळ्यांचा दवाखाना चौदा किलोमीटरवर, दर महिन्याला जायचं, आणि तिकडे बस दिवसातून दोनच. मुलानं फोनवर ठरवून टाकलं की आता ती शिकवणीची गाडी विकायची, तुमच्याकडे चालवणारं आहे कोण? भावोजी बरं म्हणाले, आणि कुठेही न गेलेली गाडी रोज सकाळी पुसत राहिले. मला त्यांची फार दया यायची. पण मेहुणी दया दाखवायला लागली की माणसाला वाटतं आपलं काही खरं नाही, म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

त्याच सुमारास लेकीनं एक खोकं पाठवलं. तिच्या मुलांना नवा व्हिडिओ गेम आला होता, म्हणून जुना इकडे, नातवंडं सुट्टीत आली की खेळतील या हिशेबानं. टीव्हीला जोडायचं यंत्र, दोन रिमोट आणि एक शर्यतीचा खेळ. भावोजींनी भिंग घेऊन खोक्यावरचा मजकूर वाचला. वय वर्षे तीन आणि पुढे. म्हणजे पोरखेळ, असा निकाल देऊन ते खोकं माळ्यावर टाकायला निघाले.

"पुढे म्हणजे कुठवर, ते लिहिलेलं नाही," ताई म्हणाली. "तुम्ही तीनच्या पुढेच आहात ना?"

मी म्हटलं, वयानं आहेत.

खेळात प्राणी छोट्या गाड्यांतून पळतात आणि एकमेकांवर भोपळे फेकतात. भावोजींनी अस्वल घेतलं, कारण ते त्यातल्या त्यात जबाबदार दिसत होतं. ताईनं बदक घेतलं. सुरुवातीलाच भावोजींनी विचारलं की आरसा कुठे आहे आणि वळण्याची खूण द्यायचं बटण कोणतं. शर्यत सुरू झाली, सात गाड्या धूळ उडवत गेल्या आणि अस्वल जागेवरच, कारण मागून कुणी येतंय का ते पाहिल्याशिवाय ते निघत नव्हतं. पुढे रस्त्यात पेंग्विनांची रांग आडवी गेली. बाकीचे तिच्यातून आरपार गेले, अस्वलानं थांबून शेवटच्या पेंग्विनालाही वाट दिली. ते पेंग्विन संपत नसतात, ते गोल गोल फिरत असतात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. भावोजी आठांत आठवे आले.

आणि ताई! तीस वर्षं भाजीवालीशीही चढ्या आवाजात न बोललेली माझी बहीण. बदकानं पहिल्याच वळणावर अस्वलाला ढकलून तळ्यात पाडलं आणि मागे वळून एक भोपळाही मारला. भावोजींची तळपायाची आग मस्तकात गेली. अशा माणसाला मी परवाना मिळू दिला नसता, असं ते म्हणाले. ताई म्हणाली, "दिलात कुठे?" आणि दुसरी शर्यत लावली.

महिनाभरात दोघं रोज दुपारी चार वाजता टीव्हीसमोर हजर. मी दुकान बंद करून जायचे तर मला दार उघडायलाही कुणी उठायचं नाही. मी एकदा चिडवलं, की या वयात शोभतं का हे? भावोजींनी रिमोट मांडीवर ठेवला. "हे बघ, वकीलीणबाई," ते म्हणाले. मी वाद घालते म्हणून ते मला तसं म्हणतात. "खऱ्या रस्त्यावर मला अर्धं दिसत नाही. इथे जे काही आहे ते समोर आहे. बाजूनं कुणी येतच नाही." मग त्यांनी पुन्हा अस्वल निवडलं. त्यानंतर मी तो खेळ कुणाला पोरखेळ म्हणू दिलेला नाही.

पण खरी गोष्ट पडद्यावर घडत नव्हती, पडद्याखाली घडत होती. ताईचं बदक वळणावर आलं की भावोजींचा पाय पायाखालचा गालिचा दाबायचा. इतका दाबायचा की आठवड्याभरात गालिचा कोचाखालून निघून टीव्हीपर्यंत सरकला. बदक मात्र सुसाट. ताईनं तो पाय पाहिला, पडद्याकडे पाहिलं, परत पाय पाहिला.

"अहो," ती म्हणाली, "इथे तुमचा ब्रेक लागत नाही."

आणि ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एकतीस वर्षांचं साठलेलं हसू होतं ते. तेवढ्या हसण्यातही ती शर्यत जिंकली.

महिनाअखेरीस गाडीचं गिऱ्हाईक आलं. दार उघडंच होतं. आतून भोपळे फुटल्याचे आवाज आणि भावोजींचं "हे नियमात बसत नाही" ऐकून तो गृहस्थ उंबऱ्यात थबकला. नातवंडं आलेली दिसतात, असं म्हणाला.

"नाही. आम्हीच आहोत," ताई म्हणाली. हातात रिमोट तसाच. "आणि गाडी विकायची नाही. मला लागणार आहे."

तो बिचारा चहा पिऊन गेला. भावोजी कितीतरी वेळ अस्वलासारखेच जागेवर होते. मग म्हणाले, तुला चालवता येत नाही. ताई म्हणाली शिकेन. त्यांचा चेहरा उजळला, पाय नकळत पुढे सरकला, आणि तिनं पुढचं वाक्य टाकलं, "तुमच्याकडे नाही."

ती चौकापलीकडच्या गाडी शिकवणाऱ्या शाळेत गेली. ती शाळा चालवणारी बाई भावोजींचीच जुनी विद्यार्थिनी, म्हणजे अपमान घरातल्या घरात. महिनाभर भावोजी रोज सकाळी खिडकीत उभे. परक्या पाटीची गाडी समोरून गेली की इकडे फरशीवर पाय. संध्याकाळी ताई सांगायची, आज बाईंनी एकदाच ब्रेक दाबला. ते ऐकून ते जेवण अर्धवट टाकायचे. एकदा मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं की मी खरंच अकरा वेळा दाबला होता का. मी म्हटलं, तिनं कमीच सांगितले असतील.

ताई पहिल्या फटक्यात पास झाली. दवाखान्याची तारीख सोमवारची होती. आमच्या गाडीतला तो दुसरा ब्रेक अजून तसाच होता, काढून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मी मागे बसले. ताईनं सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. भावोजी काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आज एकच रिमोट आहे आणि तो माझ्याकडे आहे."

वाकून त्यांनी बूट काढले, दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि चक्क मांडी घालून बसले. वरून पट्टा लावला.

चौक आला. तिथेच ती उतरली होती. भावोजींना न दिसणाऱ्या बाजूनं एक सायकलवाला आला, पण ताईनं त्याला केव्हाच पाहिलं होतं. तिनं वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं आणि पुढे निघाली. भावोजींनी दोन्ही हातांनी स्वतःच्या पायांचे अंगठे धरून ठेवले होते. चौदा किलोमीटर त्यांनी ते सोडले नाहीत. मागच्या सीटवर मला रडू आवरेना, आणि रुमाल दुकानात राहिला होता.

दवाखान्याच्या दारात त्यांना उतरता येईना. दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की गुडघे सरळ होईनात. एका बाजूनं ताई, दुसऱ्या बाजूनं मी, असं आम्ही त्यांना धरून बाहेर काढलं. नर्स चाकांची खुर्ची घेऊन धावत आली. आम्ही तर डोळ्यांसाठी बोलावलंय, मग पायांना काय झालं, असं तिनं विचारलं.

"काही नाही," भावोजी म्हणाले. "आज एकदाही दाबला नाही."

नर्सला काही कळलं नाही. ताई गाडीकडे वळली, दाराला कुलूप लावलं, आणि ते लागलेलं असूनही पुन्हा एकदा लावलं.