शेवटच्या चार मिनिटांच्या पाचजणी

शनिवारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींचा डोंगर होता आणि ताईच्या डोक्यात बास्केटबॉल. दोन्ही कितीही उपसा, संपत नाहीत.

ताईला ताई म्हणायला सुरुवात केली तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने. मग सगळी लाँड्री म्हणायला लागली, पुढे साहेबसुद्धा. ती स्वतः चांगली खेळायची. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला आणि लाँड्रीच्या टीमची कोचगिरी तिच्या गळ्यात पडली. कोच म्हणजे काय, तर शिट्टी तिची, बॉलची पिशवी तिची, आणि टीम हरली की शिव्याही तिच्याच.

टीम हरत होती. लागोपाठ चार मॅच. त्याही कशा, तर शेवटपर्यंत पुढे राहून, शेवटच्या चार मिनिटांत माती खाऊन. उद्याची पाचवी हरली की वरच्या गटातून खाली. खालच्या गटाला हॉल सकाळी सहाला देतात, आणि सकाळी सहाला लाँड्रीतल्या अर्ध्या बाया मशीनपुढे उभ्या असतात. म्हणजे टीम बंद. एवढं सरळ होतं ते.

लाँड्रीत सगळं जुनेपणावर चालतं. नोकरीला जी आधी लागली, तिला रजा आधी, खिडकीजवळचं कपाट तिला, बसून करायचं काम तिला. त्यावरून भांडणं होत नाहीत म्हणून कुणी हात लावत नाही. तेच या बायांनी टीममध्ये आणलं होतं. सुरुवातीला कुणीही खेळा, पण मॅच संपवणार पाच जुन्या. शेवटची चार मिनिटं राहिली की त्या पाचजणी आपोआप उठायच्या, रजेचा अर्ज मंजूर झाल्यासारख्या. कोचने त्यात तोंड घालायचं नाही. ताईनेही कधी घातलं नव्हतं.

ताई आणि डावी गरम रोलरपुढे उभ्या होत्या. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची आणि एकदम आत सोडायची. डावीचं नाव डावी, कारण तिचा डावा हात. त्या हाताने तिने एके काळी पोरींना रडवलं होतं. ताईच्या चादरीचं दुसरं टोक इतकी वर्षं तिच्याच हातात होतं.

"डावे," ताई म्हणाली, "उद्या शेवटी तू बस."

डावीने चादर सोडली. तिचं टोक जरा मागून गेलं.

"का गं?"

"हे बघ ना. चादर वाकडी गेली. तुझ्याकडून उशिरा येते."

"केव्हापासून?"

"झाले की दोन महिने. खांदा ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस का?"

डावी हसली, पण ते नुसतं तोंडापुरतं. मशीनचा आवाज चालू होता म्हणून बरं. ताईला वाटलं, आता ही रुसेल, मग अख्खा आठवडा चादरी वाकड्या. तिला आधीच दमायला झालं.

"बसते," डावी म्हणाली. "माझ्या जागी कोण?"

"शिडी." शिडी म्हणजे नवी उंच बाई. बॉल रिंगला लागून उडाला की नुसता हात वर करून घ्यायची.

"बरोबर आहे. मग धाकटीलापण बसव."

"तिला कशाला? सगळ्यात जास्त बास्केट तिची असतात."

"सुरुवातीला असतात. शेवटी तिच्या हातात बॉल गेला की परत येतो का कुणाकडे? चार मॅच हरलो. चारही मॅचमध्ये शेवटचा बॉल कुणी मारला, सांग."

ताईने पुढची चादर उचलली.

"सांग ना."

"नशीब खराब होतं तिचं."

"चारदा? माझं म्हातारपण तुला चादरीवरून कळलं. बहिणीचा हावरटपणा डोळ्यांपुढे असून दिसला नाही." डावी हे काही रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर ताईला सोपं गेलं असतं.

दिवसभर ताई तेच उगाळत राहिली. मॅचमध्ये पुढे जायला लागतात त्या बाया वेगळ्या आणि संपवायला लागतात त्या वेगळ्या, हे आत्तापर्यंत कळायला हवं होतं. संपवताना बॉल सांभाळणारी हवी. दोघी जावा होत्या त्यासाठी. घरी एकमेकींशी बोलत नाहीत, पण मैदानात न बघता एकमेकींना पास देतात. समोरचीला हात न लावता अडवणारी हवी, नाहीतर फाऊल. ती ट्रॉलीवाली, दिवसभर ओल्या कपड्यांच्या गाड्या ढकलून तिचे पाय लोखंडाचे झालेत. रिंगखाली शिडी. आणि पाचवी अशी हवी की तिला धरून पाडलं तरी रेघेवर उभी राहून मोकळा बॉल शांतपणे रिंगमध्ये टाकेल. धाकटीचे ते निम्मेच आत जातात, घाईत असते. मुकीचे सहसा चुकत नाहीत. मुकी बोलू शकते, पण बोलत नाही. लागून वर्षही झालं नव्हतं तिला. जुनेपणात सगळ्यात खाली.

संध्याकाळी घरी धाकटी पलंगावर पाय वर घेऊन बुटांच्या नाड्या बदलत होती. आई गेल्यापासून दोघी एकाच खोलीत. धाकटीला लाँड्रीत चिकटवली ताईने, बॉल पहिल्यांदा हातात दिला तोही ताईनेच.

"उद्या बघ ताई. उद्या मीच संपवते."

"हं."

"हं काय? बोल की काहीतरी. कोच आहेस ना?"

"जेव आणि झोप."

सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं की वाद, वाद झाला की रडारड, आणि ताईच्या अंगात तेवढा जोर उरला नव्हता. तिने गुडघ्याला तेल चोळलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

रविवारी दुपारी समोर टपालवाल्या बाया होत्या. धडधाकट, आणि टोमणे मारण्यात पटाईत. "आमच्यापण चादरी न्या गं जाताना," असं एक ओरडली. धाकटीने तिला उत्तर बास्केट मारून दिलं, मग अजून एक, अजून एक. खरंच छान खेळत होती पोरगी. तेच तर वाईट होतं.

चार मिनिटं उरली तेव्हा बरोबरी होती. ताईने टाइमआऊट घेतला. पाच जुन्या नेहमीसारख्या तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणजे चारच. डावी बाकावरच होती, मानेवर टॉवेल घेऊन. शिडी तिच्या जागी आली तेव्हा जावांनी एकमेकींकडे बघितलं, पण डावीच गप्प बसलीये म्हटल्यावर कोण बोलणार.

"धाकटे, तूपण बस."

"काय?"

"बस. मुके, जा आत."

मुकीने मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलवलं का म्हणून.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? सगळ्यात जास्त गुण माझेत."

"माहितीये."

"मग?"

"मग बस."

"ती काल आलेली. तिच्याआधी मी लागलेय इथे."

"रजा नाही वाटत मी इथे. शेवटी बॉल तू सोडत नाहीस. त्याने हरतो आपण. बस आता."

हे सगळ्यांसमोर बोललं गेलं. काल घरात चार भिंतींत बोलायचं ते ताई आज इथे बोलली, आणि शब्द सुटल्याबरोबर तिला ते कळलं. धाकटीचा चेहरा लाल झाला. ती बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली.

पुढची चार मिनिटं बघायला काही मजेची नव्हती. बॉल या हातातून त्या हातात. जावा एकमेकींना, मग शिडीला, परत जावांकडे. ट्रॉलीवाली समोरचीच्या पुढे नुसती भिंतीसारखी सरकत राहिली. एक बास्केट त्यांचं, एक आपलं. अगदी शेवटी टपालवालीने मुकीला ढकललं आणि दोन मोकळे बॉल मिळाले. पहिला रिंगच्या कडेवर फिरून बाहेर पडला.

"बघ," बाकाच्या टोकावरून आवाज आला.

ताईने बघितलं नाही तिकडे. मुकीने बॉल जमिनीवर आपटला, श्वास घेतला, टाकला. आत गेला. एक गुण वर. त्यांचा शेवटचा बॉल रिंगला लागून उडाला आणि शिडीने कपाटावरचा डबा काढावा तसा तो काढून पोटाशी धरला.

जिंकले. बाया ओरडल्या, मुकीला उचललं, मुकी तरी गप्पच. डावीने उजव्या हाताने ताईची पाठ थोपटली आणि म्हणाली, "टीम राहिली गं."

"राहिली," ताई म्हणाली. तिला खाली बसायचं होतं, एवढंच.

बॉल पिशवीत भरून ती बाहेर आली तर धाकटी बसस्टॉपवर होती. थांबली म्हणून नव्हे, बस आली नव्हती म्हणून.

"मी असते तर सहा गुणांनी जिंकलो असतो."

"असेल."

"काल रात्री माहीत होतं तुला?"

"होतं."

"आणि जेव झोप म्हणालीस."

"दमले होते गं."

"तू कायमच दमलेली असतेस." धाकटी रस्त्याकडे बघत होती. "पुढच्या मॅचला?"

खोटं बोलता आलं असतं. बघू म्हणता आलं असतं, म्हणजे घरी जाऊन निदान जेवण तरी नीट झालं असतं.

"पहिल्यापासून खेळशील. शेवटी बसशील. बॉल सोडायला शिकलीस की मग नाही बसवणार."

बस आली. धाकटी पुढच्या दाराने चढली, ताई बॉलची पिशवी ओढत मागच्या. धाकटीला खिडकीजवळ जागा मिळाली होती. शेजारच्या जागेवर तिने आपली पिशवी ठेवली आणि बाहेर बघायला लागली. ताई दांडा धरून उभी राहिली. एका बाईने धाकटीला विचारलं, इथे कुणी आहे का. धाकटीने एकदा ताईकडे बघितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि त्या बाईला बसू दिलं.

ताईने दुखऱ्या गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. घर अजून लांब होतं.