चोवीस फुटांची दरी

माझा दादा डोंगरदऱ्यांचे भिंतभर लांब फोटो काढतो. तीन-चार दिवस तिकडेच मुक्काम ठोकायचा, कॅमेरा एका जागी रोवून जरा जरा वळवत चाळीस फोटो घ्यायचे आणि घरी येऊन ते कॉम्प्युटरवर जोडून एक करायचे. ते पट्ट्यापट्ट्यांनी छापायचं आणि शिवण दिसणार नाही असं चिकटवायचं काम माझं. वीस वर्षं झाली. कंबर कामातून गेली माझी.

गेली दोन वर्षं दादाला छापलेलं काहीच पसंत पडत नाही. "कागदच पिवळा आलाय," म्हणतो आणि कागदवाल्याच्या नावाने खडे फोडतो. कागदाला काय धाड भरलीय? मोतीबिंदू दादाच्या डोळ्यांत आहे. त्याला सगळं पिवळट दिसतं, म्हणून तो कॉम्प्युटरवर निळा रंग वाढवत बसतो. डॉक्टरचं नाव काढलं की, "माझे डोळे? अगं, मी समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या मोजतो!" आता याच्या तोंडाला कोण लागणार? दुपारी तो जेवून आडवा झाला की मी गुपचूप निळा उतरवायची आणि मग छापायची. गिऱ्हाईक खूश, दादा नाराज आणि मी अर्धमेली.

परवा एका दवाखान्यासाठी दरी छापायची होती, चोवीस फूट, आठ पट्ट्या. खोटं कशाला बोलू, मला त्या लपवालपवीचा वीट आला होता. दादाने ठेवलेले रंग तसेच राहू दिले आणि मशीन सुरू केलं.

दादा उठून आला. भिंतीवर लावलेल्या पट्ट्यांपुढे उभाच राहिला.

"वा! जमलं बघ एकदाचं! तिथे सकाळी अस्संच दिसत होतं गं!" त्याचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकटीचं माप घ्यायला आलेला सुतार दारातच थबकला. "दादा, तिकडे गवत निळं असतं होय?"

दादा हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. सुतार "उद्या येतो" म्हणून सटकला.

दादा स्टुलावर बसला.

"दोन वर्षं?"

"हो."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," तो शेवटी म्हणाला. आणि मग, "पण तू रंग ठरवायचीस कशावरून?"

"अंदाजाने. बरं दिसेपर्यंत."

"अंदाजाने! अगं, तू तर तिथे एकदाही आली नाहीस."



"वीस वर्षांत तू कधी नेलंस?" मी म्हटलं.