त्याचं नाव न घेता

घाटंजीच्या स्टँडवर मला सोडायला आलेली याडी 'नीट राह्य' म्हणाली नाही, की 'वेळेवर जेवत जाय' म्हणाली नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "वेचणी लागली का फोन उचलत जाय." आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात.

मी भित्री आहे, हे आधीच सांगते. पर्यावरणशास्त्र आणि धोरण असा जोडविषय शिकायला मी पुण्याला निघाले तेव्हा तांड्यातल्या मुलींना वाटलं, ही आता धीट होणार. झालं उलटंच. तुमच्यापैकी ज्या बाहेर पडल्या त्यांना कळेल, लांब गेलं की भीती वाढते.

आमचं शेत जंगलाला लागून. तिथे कापूस वेचायची एक रीत आहे. सगळ्या बाया वाकलेल्या असल्या तरी एकीने बोलत राहायचं. सासूच्या कागाळ्या, कुणाच्या लग्नाची बोलणी, काहीही चालतं, पण आवाज थांबू द्यायचा नाही. माणसांचा आवाज असला की जंगलातला तो लांब राहतो. आणि त्याचं नाव घ्यायचं नाही. 'मोठा' म्हणायचं, नाहीतर नुसतं 'तो'. बोलायचं काम बहुतेक माझ्याकडे असायचं. "वेचण्यात मांगं अन् बोलण्यात पुढं," याडी म्हणायची.

पुण्यात सकाळी शास्त्राच्या तासाला कळलं की वाकलेला माणूस मागून त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. दुपारी त्याच वर्गात धोरणाचा तास. सरांनी भिंतीवर आमच्याच भागाचा नकाशा दाखवला. त्यावर हिरवा पट्टा होता, जनावरांच्या येण्याजाण्याचा मार्ग, आणि तो आमच्या शेतावरून गेला होता. शेजारची मैत्रीण म्हणाली, "किती छान दिसतोय." सकाळचं शास्त्र बरोबर होतं, दुपारचं धोरणही बरोबर होतं, आणि दोन्हींच्या मधे माझी याडी कमरेला कापसाची ओटी बांधून वाकलेली होती.

कापूस फुटला आणि फोन सुरू झाले. याडी स्पीकर लावून फोन पोलक्यात खोचायची. "तू बोलत राह्य, आमी वेचून राह्यलो." मी तरी रोज काय बोलणार? मेसच्या आमटीतला गूळ सांगून झाला, वॉचमनचं कुत्रं सांगून झालं. परीक्षा जवळ आली तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर बसून मी टिपणंच मोठ्याने वाचायला लागले. माझा अभ्यास होईल आणि त्यांची वेचणीही. आणि वाचण्याच्या नादात बोलून गेले, "वाघाचा अधिवास."

पलीकडे एकदम सामसूम. "नाव नोको घेऊ वं," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. मग थोडी खरखर, मग काहीच नाही. फोन चालूच होता. मी "याडी, याडी" करत राहिले. शिकवलेलं सगळं नेमकं तेव्हाच आठवत होतं, वारा, वास, पाठीमागून येणं. एवढं शिकले नसते तर कमी घाबरले असते. प्रवेश रद्द करावा, मिळेल ती गाडी पकडावी आणि त्या बायांच्या मधे जाऊन उभं राहावं, इतकंच डोक्यात होतं.

मग याडीचा आवाज आला. नाव ऐकताच सगळ्या बाया ताठ उभ्या राहिल्या होत्या आणि त्या गडबडीत फोन सटकून ओटीतल्या कापसात बुडाला होता.

"रडते कायले? सगळ्या बऱ्या हाये. वाच पुढं. नाव सोडून वाच."

मग मी 'त्याचा अधिवास' वाचला, 'त्याचं संरक्षण' वाचलं. परीक्षेत उत्तर लिहितानाही पेन त्या शब्दापाशी अडखळला.

भीती गेलेली नाही. यंदाही कापूस फुटलाय, नकाशावरचा पट्टा तिथेच आहे, आणि पुढे नोकरी लागली तर असे पट्टे मलाच आखावे लागतील. त्याचंही भय वाटतं.

पुण्यात मी दिवसभर तोंड मिटून बसले तरी कुणाचं काही अडत नाही. गच्चीवर मात्र पान उलटायला जरा थांबले, की दूर शेतात बाया कंबर सरळ करून उभ्या राहतात आणि फोनमधून याडी विचारते, "काहून वं, गप काहून झाली?" माझं घर आता त्या फोनएवढंच आहे. मी घाईघाईने पुढची ओळ वाचते.